केडचं कोपर, माझा अंगठा

मी तोंडाळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, मागच्या सीटवर कोण कुजबुजतंय ते मला आरशात न बघता कळायचं. निवृत्त झाल्यापासून तोंडाला काम उरलं नाही. म्हणून रोज सकाळी सात वाजता डोनटच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल, समोर व्हर्लिन, आणि आमचं बेसबॉलवरचं भांडण.

व्हर्लिन आमच्या गावचा जुना न्हावी. एकोणीस वर्षांचा असताना त्याने एका दिवसात दोन सामन्यांत पिचिंग केलं, म्हणजे बॅटरला चेंडू टाकले, एक सकाळी नि एक दुपारी. तेव्हापासून त्याचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही. त्याच वाकड्या हाताने त्याने चाळीस वर्षं अख्ख्या गावाची डोकी भादरली. गिऱ्हाइकालाच त्याच्या हाताच्या बेताने मान वळवून घ्यायला लागायची.

"तुझ्या त्या नव्या बॅटरांना दोन स्ट्राइक पडले, तिसऱ्याला बाद, तरी बॅट आखूड धरायची अक्कल नाही," मी म्हणायची. "तीनदा हवेत फिरवायची आणि मान खाली घालून परत यायचं. बॅट आहे का पंखा?"

"पुढच्या खेपेला कुंपणापलीकडे धाडतात ना पण," व्हर्लिन म्हणायचा.

"डोंबल धाडतात!"

आणि ड्राफ्ट! जुलैत मोठे क्लब नव्या पोरांची नावं पुकारतात, त्याबद्दलचं माझं मत तर गावातल्या कुत्र्यामांजरांनाही पाठ होतं. शाळेतून निघालेला पिचर पहिल्या फेरीत घेऊ नये. घ्यायचाच तर बॅटर घ्यावा. कारण हल्लीची पोरं प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतात, बारा महिने टाकतात, आणि मिसरूड फुटतंय न फुटतंय तोवर कोपरात हाडं बांधून धरणारा लिगामेंट तुटतो. मग डॉक्टर मनगटातली एक नस काढून ती कोपरात शिवतात, आणि पोरगं दीड वर्षं घरी बसतं. "पोरांचे हात मोठी माणसं मोडतात," मी टेबलावर थाप मारून सांगायची. "बाप मोडतात, कोच मोडतात, क्लबांसाठी पोरं हेरत फिरणारे पारखी मोडतात." मोजणाऱ्या बाईचं नाव त्या यादीत मी कधी घेतलं नाही.

केड ड्रायलिंग पहिलीत असल्यापासून माझ्या बसमधला. उजवीकडची तिसरी सीट त्याची. खिशात कायम एक चेंडू, आणि चेंडू नसेल तर एखादा बटाटा. यंदा तो अठराचा झाला. सहा फूट चार इंच उंच, आणि चेंडू ताशी पंच्याण्णव मैलांनी. आमच्या भागातून मोठ्या क्लबात आजवर कोणी गेलेलं नाही. इथून गहू जातो आणि गुरं जातात. त्याचा बाप ड्वेन बी-बियाणं विकतो. केड बारा वर्षांचा असतानाच त्याने चेंडूचा वेग मोजायची स्पीडगन विकत आणली होती, आणि जेवायला बसताना ती मिठाच्या बाटलीशेजारी ठेवायचा. मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "ड्वेन, पोराला आधी वाढू दे." तो म्हणाला, "लव्हॉन, तू तुझी बस चालव."

बसशिवाय माझं दुसरं काम म्हणजे मोजणी. बावीस वर्षं मी शाळेच्या संघाच्या पिचरांचे चेंडू मोजते. मुठीत मावेल एवढं एक यंत्र आहे, अंगठ्याने दाबलं की टिक् करून आकडा पुढे सरकतो. मी त्याला टिकटिकी म्हणते. नियम असा, की एका दिवसात एका पोराने जास्तीत जास्त एकशे पाच चेंडू टाकायचे. तेवढे झाले की समोरचा बॅटर संपवून खाली उतरायचं, मग कितीही मोठा सामना असो. दर इनिंगनंतर पाहुण्या संघाची मोजणारी माझ्याकडे येते, दोघींचे आकडे जुळवायचे. नाही जुळले, तर यजमानांचं पुस्तक खरं. म्हणजे आमच्या मैदानावर माझं पुस्तक.

पिचरांशी माझी एक खूण आहे. इनिंग संपवून येताना पोरगं माझ्याकडे बघतं. मी पंजा उघडा दाखवला म्हणजे अजून चेंडू शिल्लक आहेत, मूठ दाखवली म्हणजे संपले. बावीस वर्षांत कोणी उलट विचारलेलं नाही.

मे महिन्यातला तो सामना जिल्ह्याचा अंतिम सामना होता, आमच्याच मैदानावर, दुपारी चारला. दुपारपासूनच पश्चिमेकडे आभाळ हिरवट झालं होतं, आणि वारा मध्येच पडायचा. असला पडलेला वारा मला आवडत नाही. व्हर्लिन माझ्या शेजारी बसला होता, आणि जाळीमागे पारख्यांची रांग लागली होती. मी मोजले, बारा जण. केडने टाकायला हात उचलला की बाराही स्पीडगन एकदम वर यायच्या, त्याच्या हातावर रोखलेल्या. चेंडू पडला की बाराही खाली. मला ते बघवेना, पण नजरही हलेना.

"केवढी माणसं आली गं," व्हर्लिन म्हणाला. "कोणी एकाने तरी त्याला विचारलं असेल का, बाळा, जेवलास का?"

सातपैकी चार इनिंग झाल्या. बासष्ट चेंडू. माझा आकडा बासष्ट, पाहुण्यांच्या पोरीचाही बासष्ट. मरीसा तिचं नाव, चौदा-पंधराची असेल, पहिल्यांदाच मोजायला बसली होती आणि पेन्सिलीचं टोक चावत होती. आम्ही दोन-एकने पुढे होतो. केडने हात उचलावा, समोरच्याने हवेत बॅट फिरवावी, असं चाललं होतं.

तेवढ्यात एक पारखी माझ्याजवळ येऊन बसला. मिस्टर प्रुएट असं नाव सांगितलं. उन्हाने रापलेला, सभ्य माणूस. सूर्यफुलाच्या बिया चघळत होता, मलाही दिल्या.

"मॅडम, सगळे म्हणतात या पोराला तुमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "तुमचं मत काय?"

तुमचं मत काय! साठ वर्षं मी मतं वाटत फिरतेय, फुकट, न मागता. नवरा होता तोवर तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा. आणि आज मोठ्या क्लबाचा माणूस माझ्याशेजारी बसून विचारतोय. मला काय झालं ते मी लपवणार नाही. माझी छाती फुगली.

"वेग आहे हे आम्ही बघतोच आहोत," प्रुएट म्हणाला. "आमच्या साहेबांना एकच शंका आहे. शंभराच्या आसपास गेल्यावर हा टिकतो का? शेवटच्या इनिंगपर्यंत पोचतो का?"

"टिकतो म्हणजे?" मी म्हणाले. "शेवटी शेवटी तर जोर वाढतो त्याचा. सातवी इनिंग बघाच तुम्ही. मी सांगतेय ना!"

व्हर्लिनने माझ्याकडे बघितलं. टेबलावर थाप मारून मी नेमकं उलटं सांगायची, ते त्याच्याइतकं कोणी ऐकलं नव्हतं.

पाचवी इनिंग लांबली. समोरचा एक ठेंगू बॅटर दोन स्ट्राइकनंतर बॅट आखूड धरून उभा राहिला, मी सांगते अगदी तस्सा, आणि चेंडूमागून चेंडू रेषेबाहेर तटवत राहिला. फाऊल, पुन्हा फाऊल. असल्या चेंडूने बॅटर बाद होत नाही, पण पिचरच्या हातातून तो गेलेला असतो, तेव्हा मोजावाच लागतो. त्यातला एक फाऊल मी प्रुएटशी बोलण्याच्या नादात दाबायला विसरले. खरंच विसरले. लगेच लक्षात आलं, अंगठा यंत्रावर होता, नुसता दाबायचा होता.

मी नाही दाबला.

मनात हिशेब चालू झाला होता. हे असंच चाललं तर केड सातव्या इनिंगला पोचणार नाही, मध्येच उतरावं लागेल. मग हा माणूस वहीत काय लिहील? आणि माझ्या शब्दाचं काय? पुढच्या फाऊललाही मी अंगठा हलवला नाही. त्याच्या पुढच्यालाही. इनिंग संपली तेव्हा यंत्रावर एकोणऐंशी होते. खरे सत्त्याऐंशी. खरा आकडा मला ठाऊक होता, कारण बावीस वर्षांच्या सवयीने डोकं मोजतच होतं, थांबला होता तो फक्त अंगठा.

केडने माझ्याकडे बघितलं. मी पंजा दाखवला.

मरीसा कागद घेऊन आली. "माझ्याकडे सत्त्याऐंशी आहेत, मॅडम."

"एकोणऐंशी," मी म्हणाले. "फाऊल दोनदा धरलेस का गं?"

"नाही... म्हणजे... मला वाटतं नाही."

"पहिल्या वेळी होतं असं, बाळा. मीसुद्धा गोंधळले होते."

पोरीचे कान लाल झाले. तिने सत्त्याऐंशी खोडले आणि एकोणऐंशी लिहिले. वर मलाच म्हणाली, "सॉरी, मॅडम." मला तेव्हाच थांबता आलं असतं. त्या पोरीचा कागद ओढून घेऊन म्हणता आलं असतं, की थांब, तुझंच बरोबर आहे. मी तिला मूठभर बिया दिल्या.

सहाव्या इनिंगला केडचा हात खाली आला. पाहणाऱ्याला कळतं ते. हात डोक्याच्या वरून यायचा तो खांद्याच्या बाजूने यायला लागतो, चेंडू उंच आणि उजवीकडे निसटतात. दोन चेंडूंच्या मध्ये तो बोटं झटकत होता. टोपी काढून घातली, पुन्हा काढून घातली. प्रुएटच्या स्पीडगनवर ब्याण्णव आले, मग एक्क्याण्णव. कोपर जाणार असेल तर आधी काय काय दिसतं, यावर मी डोनटच्या दुकानात तासन् तास व्याख्यानं दिली होती. त्यातली एकेक खूण माझ्या डोळ्यांसमोर क्रमाने येत होती.

"लव्हॉन," व्हर्लिन हळूच म्हणाला, "किती झाले गं?"

"एक्क्याण्णव."

"मला जास्त वाटतात."

"तू मोजतोयस का मी?"

त्याने आपला वाकडा हात मांडीवर ओढून घेतला. "मलाही त्या दिवशी असंच सांगितलं होतं, की अजून आहेत," तो म्हणाला.

खरे एकशे सहा झाले होते. इनिंग संपवून केड परत येताना नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. रेषेवर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला, जणू मी काही बोलणार आहे. मागे आभाळ पुरतं काळवंडलं होतं. माझा हात मांडीवर होता, नुसती बोटं मिटायची होती.

मी पंजा उघडला. त्याने मान डोलावली आणि जाऊन बाकावर बसला, उजवा हात टॉवेलमध्ये गुंडाळून. मरीसा आली ती खोडरबर हातात घेऊनच. "तुमचे किती, मॅडम?" एवढंच तिने विचारलं, आणि मी सांगितलेला आकडा लिहून घेतला.

सातव्या इनिंगला दोन जण बाद झाले, आता एकच उरला होता. प्रुएट म्हणाला, "मॅडम, तुमचं खरं निघालं हो." मी तोंडातल्या बिया थुंकून टाकल्या. केडने हात उचलला, बारा स्पीडगन वर आल्या. चेंडू पकडणाऱ्याच्या, अंपायरच्या, सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन जाळीवर आदळला. आवाज झाला होता, पण जाळीचा नव्हे, त्याच्या आधी. वारा पडलेला होता म्हणून आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. केड ओरडला नाही. डाव्या हाताने उजवं कोपर धरून उभा राहिला, आणि पहिल्यांदा बघितलं ते बापाकडे नाही, कोचकडे नाही, माझ्याकडे.

बारापैकी नऊ पारखी पाच मिनिटांत गाड्यांपाशी होते. प्रुएट जाता जाता टोपीला हात लावून गेला. दुसऱ्या पोराने शेवटचा बॅटर बाद केला आणि आम्ही जिंकलो. ढाल शाळेच्या दारात लावली आहे. मी पुस्तकात एकशे तीन लिहिले, खाली सही केली, आणि गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवायला मला बराच वेळ लागला.

शहरातल्या डॉक्टरांनी नस शिवली. जुलैत ड्राफ्ट झाला, तीन दिवस नावं पुकारली, केडचं नाव आलं नाही. मी मनाशी म्हणत होते, पुढच्या वर्षी येईल, हात भरून येईल. पण डोनटच्या दुकानात ड्वेन आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, दाढी वाढलेली, आणि म्हणाला, "फोन केला होता एका क्लबाला. ते म्हणतात, एकशे तीन म्हणजे नियमातच होता. नियमात राहून ज्याचं कोपर जातं, त्याचं कोपर मुळातच कच्चं. असल्या पोरावर कोणी पैसा लावत नाही." मग म्हणाला, "माझ्याच घरचा माल कच्चा निघाला, लव्हॉन. पोराला मी तेच सांगितलं. उगीच आशेवर कशाला ठेवा?"

मी खाली बघून डोनटचा चुरा गोळा करत बसले. मी! व्हर्लिनने आपला कप बाजूला सारला आणि टोपी घालून निघून गेला. त्या दिवसापासून तो त्या टेबलावर बसलेला नाही.

ऑगस्टमध्ये, भर दुपारी, केड माझ्या दारात आला. हाताला बिजागरीची पट्टी, मनगटावर गुलाबी वण. त्याचा बाप बाहेर गाडीतच बसून राहिला होता, इंजिन चालू ठेवून. पोरगं वाळलं होतं. मी लेमोनेड दिलं, त्याने डाव्या हाताने ग्लास धरला.

"मिस लव्हॉन, एक विचारायचंय. रागावणार नाही ना?"

"विचार."

"मी पण मोजतो. टाकताना, मनातल्या मनात. लहानपणापासून सवय आहे." तो ग्लासात बघत बोलत होता. "त्या दिवशी सहाव्या इनिंगनंतर माझे एकशे सहा झाले होते. करंगळी बधिर झाली होती. म्हटलं कोचना सांगावं, बास आता. म्हणून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पंजा दाखवलात."

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मला ती सहन होईना.

"मग म्हटलं, मिस लव्हॉन कधी चुकत नाहीत. माझंच चुकलं असणार. आणि गेलो." त्याने वर बघितलं. "डॅड म्हणतात माझा हातच कच्चा. असेलही. डॉक्टर म्हणाले दीड वर्षाने पुन्हा टाकून बघ, पण कच्च्याच हाताने टाकायचं तर कशाला सगळं? मला फक्त एवढंच सांगा. मी खरंच चुकीचं मोजलं होतं का?"

पहिलीतलं ते पोरगं तिसऱ्या सीटवर बसायचं आणि उतरताना रोज मला विचारायचं, उद्या याल ना? तेच डोळे होते. खोटं बोलायला तेव्हा एक अंगठा पुरला होता, खरं बोलायला अख्खं अंग लागलं.

"नाही रे," मी म्हणाले. "तू चुकला नव्हतास. मी चुकीचं दाखवलं. मुद्दाम. त्या माणसाला मी शब्द देऊन बसले होते, तू शेवटपर्यंत टिकतोस म्हणून. एकशे एकवीस झाले होते, केड."

"एकशे एकवीस," तो पुटपुटला. "माझे पण एकशे एकवीसच."

आता ग्लास भिंतीवर बसेल, म्हणून मी वाट बघत होते. बसायलाच हवा होता. पण त्याचा चेहरा सैल झाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा असावा तसा. पोरगं चक्क हसलं.

"म्हणजे माझा हात कच्चा नव्हता," तो म्हणाला.

शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. तो उठला, थँक यू म्हणाला, मला थँक यू म्हणाला! दार ढकलायला सवयीने उजवा हात पुढे केला, थांबला, आणि डाव्या हाताने ढकललं. पायऱ्या मात्र दोन-दोन उड्या मारत उतरला.

मी खिडकीतून बघत राहिले. तो गाडीच्या काचेपाशी वाकून भरभर बोलत होता. ड्वेन समोर रस्त्याकडे बघत ऐकत होता. मग त्याने मान वळवली आणि माझ्या खिडकीकडे बघितलं. इंजिन बंद झालं. गाडीचं दार उघडलं.

मी मोजणीचं पुस्तक काढून मेच्या पानावर उघडून टेबलावर ठेवलं. शेजारी टिकटिकी ठेवली. तिच्यावर अजून एकशे तीनच होते, त्या दिवसापासून मी ती शून्यावर आणलीच नव्हती. बाहेर पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला. एक, दोन, तीन. डोकं मोजतच होतं. मी जाऊन दाराची कडी काढली.